फोटोतली पाठ

पोज्जोलारा, ९ फेब्रुवारी

तेक्ला,

तुझ्या बाबांनी आमच्या टेबलावर वाइनची बाटली ठेवली, टोपी काढली आणि म्हणाले, "नेव्हियो, माझं एक काम आहे तुझ्याकडे." त्या क्षणी माझं सगळं बदललं. तोपर्यंत मी नुसता चिडलेला होतो, आणि चिडलेल्या माणसाला फार काही ठरवावं लागत नाही.

फोनवर तू मला बंद करून टाकलं आहेस, म्हणून हा कागद. तुझा त्रिएस्तेचा पत्ता कुठून मिळवला ते विचारू नकोस. आणि हे प्रेमपत्र समजू नकोस. ती मी नोव्हेंबरपासून लिहितोय आणि फाडतोय. आईला वाटतं, मी कॉलेज सोडल्याचा पश्चात्ताप होऊन पुन्हा कायद्याचा अभ्यास सुरू केलाय. हे कामाचं पत्र आहे.

आई कार्निव्हलसाठी कास्तान्योले तळत होती. साक्षात नगराध्यक्ष स्वयंपाकघरात आलेले बघून तिची धांदल उडाली. तिने ताटली पुढे केली. तुझ्या बाबांनी एक गोळा तोंडात टाकला, बोटांची साखर झटकली आणि मला विचारलं,

"लायसन्स आहे ना रे तुझ्याकडे?"

"आहे की."

"पॉइंट किती?"

"वीस. सगळेच्या सगळे. स्वतःची गाडीच नाही, तर कापले जाणार कुठून?"

"तेच म्हणतो मी," असं म्हणून त्यांनी बाटलीचं बूच काढलं.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. आपल्या गावात वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याची नोटीस आली की माणूस दंडाचा आकडा नंतर बघतो. आधी नात्यागोत्यात नजर फिरवतो, की लायसन्स आहे पण गाडी चालवत नाही असं कोण आहे. कॅमेरा पाठीमागून फोटो काढतो, चेहरा येत नाही. चालवत कोण होतं ते मालकाने लिहून द्यायचं, आणि ज्याचं नाव लिहिलं त्याच्या लायसन्सचे पॉइंट कापले जातात, आणि वीसच्या वीस संपले की लायसन्सच जातं. त्यामुळे बिचारी आस्सुंता, जिने नवरा गेल्यापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही, ती कागदोपत्री अख्ख्या जिल्ह्यातली सगळ्यात बेफाम ड्रायव्हर आहे. तिचे बहुतेक पॉइंट माझ्या दुइलिओमामाने खाल्ले, आणि त्या बदल्यात ती मामाच्या बेकरीतला पाव फुकट खाते. यात कोणालाच काही गैर वाटत नाही. शेजाऱ्याकडून शिडी मागावी तसे आपण पॉइंट मागतो.

पण तुझे बाबा? ज्यांनी तो कॅमेरा बसवला, सरळ रस्त्यावरची वेगमर्यादा सत्तरवरून पन्नासवर आणली आणि शाळेच्या सभागृहात "कायदा सर्वांना सारखा" म्हणून टेबल बडवलं, ते?

"तुमची गाडी?" मी विचारलं.

"माझी."

"किती?"

त्यांनी आईकडे बघितलं. आई कढईकडे वळली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "शंभराच्या जरा खाली."

तेक्ला, मी हसलो. हसायला नको होतं, पण हसलो. त्यांनी आणखी एक गोळा उचलला. माझं हसू संपल्यावर म्हणाले, "सहा पॉइंट जातील. लायसन्स महिना-दोन महिने अडकेल. तुझ्याकडे गाडी नाही, तुझं काय बिघडतं? माझ्याबाबतीत मात्र वर्तमानपत्रात येईल. तू हे कर, मी पुढच्या बैठकीत मर्यादा पुन्हा सत्तरवर नेतो. वर्षभर त्यासाठीच बोंबलतोयस ना?"

मी "विचार करतो" म्हटलं. एवढंच सांगायचं होतं.

नेव्हियो


पोज्जोलारा, १२ फेब्रुवारी

तेक्ला,

आज तुझ्या बाबांनी मला नगरपालिकेत बोलावून घेतलं. सही करायचा कागद तयार होता. माझं नाव, जन्मतारीख, लायसन्सचा नंबर, सगळं टाइप केलेलं. शेजारी नोटीस आणि फोटो.

मी आधी फोटो उचलला. तुमच्या हिरव्या गाडीची पाठ, नंबर स्वच्छ. गाडीच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, एक माणूस उभा. तोही पाठमोरा. केशरी जाकीट, पाठीवर ॲम्ब्युलन्सची अक्षरं. हातात पुठ्ठ्याची पाटी.

"हा कोण पाटीवाला मध्येच?" तुझ्या बाबांनी विचारलं.

"मी."

त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. "तू?"

"मी. आणि जाकीट तेक्लाचं आहे."

तुला ठाऊक नसेल. ऑक्टोबरच्या सभेनंतर मी रोज दुपारी कॅमेऱ्याच्या खालच्या अंगाला पाटी घेऊन उभा राहत होतो. "पुढे झाडामागे कॅमेरा आहे, वेग कमी करा." दरीतून वर येणाऱ्यांना दिसेल अशी. लोक हॉर्न वाजवून आभार मानायचे. एका ट्रकवाल्याने संत्रं फेकलं, ते मी झेललं. माझं म्हणणं एवढंच, की वेग कमी व्हावा अशी खरंच इच्छा असेल तर सांगा लोकांना. झाडामागे लपून बसतो तो शिकारी, शिक्षक नव्हे. जाकीट तू सभेच्या रात्री भांडायला आलीस तेव्हा आमच्याकडे विसरली होतीस. थंडी होती, घातलं.

गावात मी सांगतो की तत्त्वासाठी उभा होतो. पण नोटिशीवरची तारीख वाचल्यावर मला कागद खाली ठेवावा लागला. तू त्रिएस्तेला गेलीस तोच तो दिवस होता. चारची बस त्याच रस्त्याने स्टेशनला उतरते. इतर दिवशी मी तत्त्वासाठी उभा असेन, त्या दिवशी बससाठी होतो. स्टेशनवर येणार नाही असं तुला तोऱ्यात सांगून बसलो होतो, मग काय करणार? बस गेली. तू कुठल्या बाजूला बसली होतीस ते मला दिसलं नाही. बस दिसेनाशी झाल्यावरही मी बराच वेळ तिकडेच बघत राहिलो, आणि मागून एक गाडी इतक्या जोरात गेली की पाटी हातातून उडून ओढ्यात पडली. मी त्या गाडीला जे म्हणालो ते तुझ्या बाबांना उद्देशून होतं, हे मला आज कळलं.

"काका, तुम्ही कुठे निघाला होतात?"

"बैठक होती खाली."

"स्टेशनवर?"

ते खिडकीपाशी गेले. चौकातल्या कारंज्याकडे बघत बोलले, माझ्याकडे नाही. "तिला म्हटलं होतं, जायचं तर जा, मी सोडायला येणार नाही. इथे खुर्चीत बसून कसल्या तरी गटारांच्या फायली चाळत होतो. चार वाजले आणि मला बसवेना. गाडी काढली. फलाटावर पोचलो तेव्हा शेवटचा डबा दिसला."

"तेक्लाला माहीत आहे?"

"तिला काय सांगू? तुझ्यासाठी पळवली म्हणून? ती पहिला प्रश्न विचारेल, कॅमेऱ्यासमोरून किती वेगाने गेलात? ओळखत नाहीस तिला?"

ओळखतो. ऑक्टोबरच्या सभेत मी म्हटलं होतं, "माणसं मरतात गिरणीच्या वळणावर आणि कॅमेरा लावलाय सरळ रस्त्यावर, जिथे फक्त पैसे मिळतात." काय टाळ्या पडल्या होत्या! मग तू ड्यूटीवरून थेट आलेली, याच केशरी जाकिटात उभी राहिलीस. "वळणावर गाड्या आभाळातून पडत नाहीत. सरळ रस्त्यावर घेतलेला वेग घेऊनच त्या वळणावर येतात. तिथून मी माणसं उचलली आहेत, नेव्हियोने नाही." आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, की तू बापाच्या खुर्चीची वकिली करतेस.

तुझे बाबा खिडकीतून वळले. "फोटोत ठिपक्याएवढा आहेस. चेहराही नाही. कोण बघतंय? सही कर, पोरा."

मी सही केली नाही. "पेन चालत नाही," म्हटलं. पेन उत्तम चालत होतं.

नेव्हियो


पोज्जोलारा, १६ फेब्रुवारी

तेक्ला,

पहिल्या पत्रात मी "विचार करतो" म्हटल्याचं लिहिलं. तसं म्हटलं नव्हतं. "हो" म्हटलं होतं. त्यांनी बाटली संपायच्या आत एका चिठ्ठीवर तुझा पत्ता लिहून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "ईस्टरला ती येईल, तेव्हा जेवायला ये आमच्याकडे." आता सांग, मी काय करणार होतो? सहा पॉइंट काय, सगळे वीस काढून दिले असते, वर रक्त दिलं असतं. काल ती चिठ्ठी मी चुलीत टाकली. उपयोग शून्य. पत्ता तोंडपाठ झालाय, मजल्यासकट.

गावाला अर्थात सगळं कळलं आहे. कसं ते विचारू नकोस, आईने फक्त एकाच बाईला सांगितलं होतं. बेकरीत शिरलो तर दुइलिओमामाने ओरडून स्वागत केलं, "आले, नगराध्यक्षांचे जावई आले!"

"मामा, गप बस."

"अरे, गप काय? सही कर आणि मोकळा हो. सत्तर झालं की माझी व्हॅन मला परत. दोन पॉइंट उरलेत माझे. तू चालवतोस तेव्हा लोक विचारतात, पाव रांगत येतो का?"

"आणि लायसन्स गेल्यावर महिनाभर व्हॅन कोण चालवणार? मी?"

"सत्तर झाल्यावर मी चालवीन की!"

"आणि त्यांनी नाही केलं सत्तर तर?"

हा विचार मामाच्या डोक्यात आलेला नव्हता. मग खांदे उडवून म्हणाला, "राजकारणी आहे, पण सासरा आहे ना तुझा."

तर हो, मी सध्या पाव पोचवतो. आणि बुधवारी पहाटे जे झालं ते मामाला सांगितलेलं नाही, तुला सांगतो. कॅमेरा मागे पडल्यावर मी मुद्दाम वेग सत्तर केला. तू म्हणाली होतीस ते खोटं पाडायचं होतं. रिकामा सरळ रस्ता, कोरडा, आणि सत्तर म्हणजे काही वेग नव्हे. गिरणीचं वळण आलं तेव्हा मी पाय उचलला, ब्रेकही दाबला. मागचे सगळे ट्रे एका अंगाला घसरले, व्हॅन मधली रेघ ओलांडून पलीकडे गेली आणि भिंतीपाशी जाऊन थांबली. समोरून कोणी येत नव्हतं, एवढंच. कोणी येत असतं तर तुझ्या जागी आता जो पोरगा ड्यूटीवर असतो, त्याने मला उचललं असतं. मी गिरणीच्या पायरीवर बसलो. मग पाव गोळा केले.

आस्सुंताने तिचा पाव उलटासुलटा करून बघितला. "हा काय फुटबॉल खेळून आला?"

"आज जरा घाई होती."

"मग उद्या लवकर ऊठ," ती म्हणाली, आणि दार लोटलं.

तू बरोबर होतीस. अर्धी. उरलेलं अर्धं मी सोडणार नाही. ते झाड छाटायला हवं, मोठी पाटी लावायला हवी, आणि ज्याच्या घरात पडून असलेल्या लायसन्सची म्हातारी नाही तो एकटाच शिक्षा भोगतो, हेही बंद व्हायला हवं. पण पन्नास बरोबर आहे. हे लिहिताना दात खाल्ले, तुला ऐकू आलं असेल.

आणि एक. रोज त्या रस्त्याने जाताना तो फोटो डोळ्यांपुढे येतो. सही केली तर मला म्हणावं लागेल, की पाटी घेऊन उभा होता तो मी नव्हे. मी गाडीत होतो. कॉलेज अर्धं सोडलं, तुझ्याशी भांडून बसलो, नोकरी म्हणशील तर मामाची व्हॅन. या वर्षात मी सरळ उभं राहून केलेली गोष्ट तेवढी एकच. ती पुसून टाकायची आणि बदल्यात तुझ्या घरी ईस्टरचं कोकरू खायचं. तू समोर बसलेली असशील. मी तुला तोंड कुठलं दाखवू?

तुझ्या बाबांचं मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. मीही तशीच गाडी पळवली असती. पण मामाला पाव गरम असताना पोचवायचा असतो, त्या ट्रकवाल्याला घर गाठायचं असतं. ज्याला त्याला आपलं कारण खरंच वाटतं. आणि वळणाला ते कळत नाही.

नाव लिहून द्यायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.

नेव्हियो


पोज्जोलारा, २१ फेब्रुवारी

तेक्ला,

हे शेवटचं. उत्तराची वाट बघत लिहीत नाही, आणि आलं नाही तर पुन्हा लिहिणार नाही. हे रागाने म्हणत नाही, ठरवून म्हणतो.

काल मी नगरपालिकेत गेलो. बाहेरच्या बाकावर पाणीपट्टीच्या तक्रारीवाले पाच-सहा जण बसले होते. त्यांतला एक म्हणाला, "रांग आहे, जावईबापू." मी सरळ आत गेलो. तुझ्या बाबांनी नवं पेन काढून ठेवलं होतं.

"हे चालतं," ते म्हणाले.

"काका, मी सही करणार नाही."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "बस."

"उभाच बरा आहे."

"सोमवारच्या बैठकीत सत्तरचा विषय घेतलाय मी. बघ, छापून आलंय."

"सत्तर नको."

"काय?" ते खुर्चीतून अर्धे उठले. "वर्षभर गावाचं डोकं खाल्लंस!"

"अजून खाईन. ते झाड छाटा, पाटी लावा, कॅमेरा लोकांना दिसू द्या. हे सोमवारी सगळ्यांसमोर मागायला येतोय मी. पण सत्तर नको. आणि असं तर नकोच नको."

"मग लिहू कोणाचं नाव? आस्सुंताचं?"

"तिचे संपले. मामाने खाल्ले."

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. मग त्यांचा आवाज चढला. तुला तो आवाज माहीत आहे. म्हणाले, मी अर्धवट शिकलेला, अर्धवट कामाचा पोरगा. गावाने मला डोक्यावर घेतलं म्हणून मला शिंगं फुटली. शाळेचं छत त्याच कॅमेऱ्याच्या दंडातून झालं, ते मला दिसत नाही. एका फोटोसाठी मी एका माणसाची आयुष्यभराची अब्रू मातीत घालायला निघालोय. मी ऐकून घेतलं. तुला खरं वाटणार नाही, पण एकदाही मध्ये बोललो नाही. त्यांना दम लागल्यावर म्हणालो,

"तुमचं नाव लिहा. लोक हसतील. कार्निव्हलला तुमचा पुतळा करून गाडीवर बसवतील, तोंडाला कॅमेरा लावतील. आठवडाभर. मग सोमवारी सभेत उभे राहून म्हणा, की मीही सापडलो, मीही भरतोय. काका, त्यानंतर या गावात कोणाची छाती होईल, आस्सुंताकडे पॉइंट मागायला जायची?"

"आणि तेक्ला? तिच्या कानावर गेलं म्हणजे?"

"गेलंय. मी लिहिलं तिला."

ते खाली बसले. टेबलावरची फाइल उगाच सरळ केली.

"काय लिहिलंस?"

"तुम्ही गाडी का पळवलीत ते. आणि तुम्हाला शेवटचा डबा दिसला, तेही."

बाहेर बाकावरचं कोणीतरी खोकलं. मग त्यांनी विचारलं, आणि तो नगराध्यक्षाचा आवाज नव्हता, "मग? काय म्हणाली?"

"उत्तर नाही आलं."

"मलाही नाही. तीन पत्रं पाठवली मी. हवापाण्याची."

"मग आता हे लिहा की."

त्यांनी माझ्या नावाचा तो कागद उचलला, आडवा फाडला, उभा फाडला. खणातून दुसरा कोरा काढला. पेनाचं टोपण उघडलं. नावाच्या रकान्यावर त्यांचा हात थांबला आणि थांबूनच राहिला. मला वाटलं आता हात मागे येईल. मग त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, "ओरेस्ते", आणि चष्मा काढून डोळ्यांवर हात धरला.

"बस ना जरा," हात तसाच ठेवून ते म्हणाले. "वाइन आहे खालच्या कपाटात."

मला बसायचं होतं, तेक्ला. तुझ्याबद्दल बोलेल असा गावात तो एकच माणूस आहे. लहानपणी तू कशी होतीस, त्रिएस्तेला काय काय घेऊन गेलीस, सगळं विचारायचं होतं. पण बसलो असतो तर ते पुन्हा देणंघेणं झालं असतं.

"नको काका. व्हॅन खाली उभी आहे, संध्याकाळचा पाव जायचाय."

मी निघालो. दार उघडलं तसे बाकावरचे सगळेजण मान उंचावून आत डोकावायला लागले. मागे तुझे बाबा तसेच बसलेले होते, डोळ्यांवर हात धरून. मी मधे उभा राहिलो, पाठीने आतलं झाकलं, बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.